नव्या महापौरांच्या काळात शहराची लोकसंख्या किती बदलेल, याचा अंदाज कसा बांधावा?

झोहरान ममदानी १ जानेवारी २०२६ रोजी न्यूयॉर्कच्या महापौरपदी रुजू झाले. वाढीव कराला कंटाळून श्रीमंत शहर सोडतील आणि घरभाडे गोठवले तर सामान्य माणूस शहरात टिकेल, अशी दोन्ही भाकिते प्रचाराच्या काळातच होऊ लागली होती. यांपैकी एकाला कौल देण्यापूर्वी स्वतः हिशेब मांडून पाहावा. आकडे सर्वांसाठी खुले आहेत आणि गणित बेरीज-वजाबाकीचेच आहे.

प्रथम हद्द ठरवावी. मोजायचे ते पाच बरोंचे (प्रशासकीय विभागांचे) शहर, की शेजारच्या न्यू जर्सी राज्यात पसरलेल्या उपनगरांसह सगळे महानगर? ब्रुकलिनमधील कुटुंब जर्सी सिटीत राहायला गेले, तर पहिल्या हिशेबात ते वजा होते, दुसऱ्यात होत नाही.

त्यानंतर पायाभूत आकडा घ्यावा, आणि सर्वाधिक सावधगिरी येथेच बाळगावी. अमेरिकेचे जनगणना कार्यालय दरवर्षी १ जुलैची अंदाजित लोकसंख्या प्रसिद्ध करते आणि त्याच वेळी मागील वर्षांचे आकडेही सुधारते. जुलै २०२३ साठी आधी सुमारे ८२.५८ लाख हा आकडा दिला होता. पुढच्याच वर्षीच्या मालिकेत तो सुमारे ८३.९ लाख झाला आणि जुलै २०२४ चा आकडा ८४,७८,०७२ आला. म्हणून जुन्या मालिकेतील एक व नव्या मालिकेतील दुसरा आकडा घेऊन वजाबाकी कधीही करू नये. तसे केल्यास जी 'वाढ' दिसते, तिचा मोठा भाग केवळ कागदावरचा असतो. २०२० मध्ये तर या पद्धतीने काढलेला अंदाज ८२,५३,२१३ होता, आणि प्रत्यक्ष जनगणनेत ८८,०४,१९० माणसे मोजली गेली. साडेपाच लाखांची ही तफावत पाहिल्यावर, चार वर्षांत महापौरांमुळे पन्नास हजार माणसे घटली की वाढली हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे थोडे संशयानेच पाहावे.

आता बदलाचे तीन घटक वेगळे मांडावेत: जन्म वजा मृत्यू, देशांतर्गत स्थलांतर आणि परदेशातून होणारे स्थलांतर. पहिल्यावर महापौरांचा प्रभाव नगण्य असतो. तिसरा घटक प्रामुख्याने वॉशिंग्टनच्या हातात असतो, आणि न्यूयॉर्कच्या आकड्यांत सर्वांत मोठे चढउतार बहुधा तोच घडवतो. उरतो दुसरा. मुंबईत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, तर न्यूयॉर्कचे महापौर स्वतः प्रशासन चालवतात. तरीही श्रीमंतांवरील वाढीव आयकराला राज्य विधिमंडळाची मंजुरी लागते, त्यामुळे घोषणा हा घटक न मानता मंजूर झालेला निर्णयच हिशेबात धरावा.

घरांचा हिशेब स्वतंत्र करावा. २०२३ च्या पाहणीत भाड्याच्या घरांपैकी केवळ १.४१ टक्के रिकामी होती; म्हणजे कोणी शहर सोडले, तर त्याची जागा घेणारा बहुतेक वेळा तयारच असतो. त्यामुळे 'किती जण निघून गेले' यापेक्षा 'किती घरे वाढली' हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. ममदानी यांचे आश्वासन दहा वर्षांत २ लाख परवडणारी घरे बांधण्याचे आहे. वर्षाला २० हजार घरे आणि घरटी अडीच माणसे धरली, तर कमाल वाढ वर्षाला ५० हजार माणसांची येते. मात्र परवानगीपासून किल्ली हातात पडेपर्यंत काही वर्षे जातात, म्हणून कार्यकाळाच्या पूर्वार्धात तयार होणारी घरे मुख्यतः आधीच्या महापौरांच्या काळात मंजूर झालेली असतील. भाडेगोठवणीमुळे नवी घरे उभी राहत नाहीत. तिचा परिणाम लोक शहर सोडण्याचे प्रमाण किंचित घटण्यापुरता धरावा.

शेवटी एकच आकडा न देता कमी, मध्यम व जास्त असे तीन अंदाज लिहावेत आणि प्रत्येकापुढे त्यामागील गृहीतक नोंदवावे. पडताळणी करताना तारखेचे भान ठेवावे: जुलै २०२५ ते जुलै २०२६ या वर्षातील पहिले सहा महिने आधीचे महापौर एरिक ॲडम्स यांच्या कारकिर्दीतले आहेत, त्यामुळे ममदानी यांचे पहिले पूर्ण वर्ष जुलै २०२७ च्या अंदाजातच दिसेल, आणि तो आकडा २०२८ मध्ये हाती येईल.