जेफरसनचं खासगी पत्र वाचायला घ्याल तेव्हा

दर रविवारी सकाळी महाल भागातल्या अभ्यासिकेत आम्ही इतिहासाचा एक अस्सल कागद घेऊन बसतो. मुलं एमपीएससीची, मी निवृत्त शिक्षिका. पुढाऱ्यानं विरोधकांबद्दल लिहिलेलं खासगी पत्र कसं वाचायचं, हे मी एकाच पत्रावर शिकवते: अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसननं 24 एप्रिल 1796 ला इटलीतल्या फिलिप माझेईला लिहिलेलं.

झोंबणाऱ्या वाक्याकडे आधी धावू नका. वहीत तारीख लिहा आणि तिच्या आगेमागे काय घडत होतं ते शोधा. अमेरिकेची राज्यघटना अमलात येऊन जेमतेम सात वर्षं झालेली. ब्रिटनशी झालेला 'जे करार' अमलात आणायला पैसे द्यायचे की नाही, यावरून प्रतिनिधिगृहात रणकंदन माजलं होतं. सहाच दिवसांनी ते 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाले. जेफरसन परराष्ट्रमंत्रिपद सोडून मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यावर शेती बघत होता. त्याचा राग कुठून आला, ते एवढ्यावरून उमगतं.

मग पत्र कोणाला, ते बघा. माझेई हा व्हर्जिनियातला जुना शेजारी. अशा माणसापाशी कोणी शब्द तोलून बोलत नाही. रणांगणावरच्या सॅमसनांचे आणि मसलतीतल्या सॉलोमनांचे (बायबलमधला बलवान वीर आणि शहाणा राजा) केस इंग्लंड नावाच्या कसबिणीनं कापले, असं जेफरसन लिहून गेला. नाव कोणाचंच नाही. लोकांनी मात्र पत्र लिहिलं तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच धरला.

आता सगळ्यात मोलाचं काम: हातातला मजकूर कोणत्या वाटेनं आला, ते तपासा. हे पत्र फ्लॉरेन्सला इटालियनमध्ये छापलं गेलं, पॅरिसला फ्रेंचमध्ये, आणि मे 1797 मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात फ्रेंचवरून पुन्हा इंग्रजीत. विरोधकांनी ब्रिटिश सरकारचं काय आधीच आपल्यावर आणलंय, ते सांगताना जेफरसननं लिहिलं होतं 'फॉर्म्स', म्हणजे वाढदिवसाचे सोहळे, दरबार, मिरवणुका. छापून आलं 'फॉर्म', म्हणजे थेट ब्रिटिश राज्यपद्धती. एका 'स'नं माणूस अमेरिकेच्या राज्यघटनेचाच विरोधक ठरला. तोवर तो उपराष्ट्राध्यक्ष झालेला. जाहीरपणे तो गप्प राहिला, राजकारणातला सोबती मॅडिसन, त्याला तेवढं खासगीत समजावलं. वॉशिंग्टनशी पत्रव्यवहार मात्र कायमचा थांबला.

आमच्या एका मुलीनं भाषांतरात 'राज्यपद्धती' असंच लिहिलं होतं. तिच्या हातातली प्रत कुठल्यातरी जुन्या छापील उताऱ्यावरून उतरवलेली निघाली. तेव्हापासून मी पानावर दोन रकाने आखून घेते: डावीकडे मूळ, उजवीकडे छापून आलेलं. मूळ मजकूर 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर फुकट मिळतो. संपादकांची टीप वाचल्याशिवाय ते पान बंद करू नका.

आणि पत्र पूर्ण वाचा. राजकारण एका परिच्छेदापुरतं आहे. माझेईला बायकोच्या मृत्यूचा दाखला हवा होता. जेफरसन कळवतो की तो देणं मला सोपं आहे, कारण ती माझ्याच दफनभूमीत आहे आणि मी रोज तिच्या थडग्यावरून जातो. हे वाक्यही तितक्याच सावकाश वाचा.