बँड फुटला, कॅसेट उरली: कधीच न आलेली गाणी कशी वाचवावीत

सांगलीतल्या एका कॉलेज बँडची चार स्वतःची मराठी गाणी माझ्या मामांच्या कपाटात, चपलांच्या खोक्यात, तीस वर्षं पडून होती. मामा बेस गिटार वाजवायचे. पुण्यातल्या एका स्टुडिओत रात्रीची शिफ्ट स्वस्तात मिळाली म्हणून ही पोरं एसटीने गेली, पहाटेपर्यंत वाजवलं आणि एक कॅसेट घेऊन परतली. ज्या कंपनीकडे ती नेली तिथे उत्तर मिळालं, भक्तिगीतं असतील तर बोलू. मग कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. बँड नेमका कधी संपला ते त्यांच्यापैकी कुणालाच सांगता येत नाही.

जुन्या बँडांचं संगीत परत वर येतं, नाही असं नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर वाजवलेले राग २०१० मध्ये एका डच लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, पुन्हा काढले आणि उतारवयात त्यांना युरोपात कार्यक्रम मिळाले. मुंबईच्याच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या रॉक बँडचा अल्बमही अमेरिकेतल्या एका लेबलने २०११ मध्ये पुन्हा आणला. पण या दोघांच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या. एखादी रेकॉर्ड जुन्या बाजारात फिरत राहते आणि कधीतरी संग्राहकाच्या हाती लागते. ज्यांची एकच कॅसेट आहे त्यांना शोधत कुणी येत नाही. ते काम घरच्यांनी आणि मित्रांनीच करायचं असतं. कसं करायचं ते सांगतो.

आधी माणसांना गाठा

कॅसेट हाती आली की ती लावून बघायची घाई होते. मीही तीच केली. वाजवणारी माणसं आधी शोधायला हवी होती. मी गाण्यांची साफसफाई करत बसलो आणि त्या चार महिन्यांत बँडचे ड्रमर गेले. दुसऱ्या गाण्याचे शब्द कुणी लिहिले हे फक्त त्यांना माहीत होतं, असं बाकीचे सांगतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात फोन लावा. कोण काय वाजवत होतं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, स्टुडिओचे पैसे कुणी भरले, कॅसेटच्या किती कॉप्या झाल्या आणि त्या कुणाकडे गेल्या, हे सगळं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. कॅसेटवरून कॅसेट केली की दर वेळी खरखर वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. तुमच्या हातातली तिसऱ्या हातची कॉपी असेल आणि कीबोर्डवाल्याच्या बहिणीकडे पहिली असेल, तर सगळी मेहनत त्या पहिलीवर घ्यायला हवी. आम्हाला पहिली कॉपी मिरजेत सापडली, मामांची दुसरी निघाली.

साल कसं ओळखाल

माणसांना साल आठवत नाही, आठवलं तर दोन-तीन वर्षं इकडेतिकडे होतं. पुरावा कॅसेटवरच असतो. आतल्या कागदावर पत्ता असेल आणि त्यात पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. इंग्रजीत ‘बॉम्बे’ छापलेलं असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचा.

आवाजही बोलतो. ऑक्टोपॅडचा, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडचा, ठोका ऐकू आला तर रेकॉर्डिंग १९८५ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण रोलँडने तो त्या वर्षी आणला. यामाहा डीएक्स७ या कीबोर्डचा काचेसारखा किणकिणता पियानो १९८३ नंतरचा, कॉर्ग एम१ या कीबोर्डचे आवाज १९८८ नंतरचे. आपल्याकडे ही वाद्यं यायला आणखी काही वर्षं लागत, तेव्हा हे साल सर्वांत आधीची मर्यादा समजा. आमच्या कॅसेटवर एम१ चा पियानो स्पष्ट आहे. मामी १९८६ म्हणत होत्या, ते तिथेच बाद झालं.

कॅसेट लावण्याआधी

सर्वांत आधी कॅसेटच्या वरच्या कडेला, फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन्ही टोकांना असलेली प्लॅस्टिकची छोटी टिकली मोडून टाका. ती मोडली की चुकूनही त्यावर रेकॉर्डिंग होत नाही.

मग खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे नीट बघा. पांढरी किंवा करडी भुकटी दिसली तर ती बुरशी. मुंबईत आणि कोकणात, पावसाळ्याच्या हवेत, ती हमखास धरते. अशी कॅसेट डेकमध्ये, म्हणजे वाजवायच्या यंत्रात, घालू नका. बुरशी यंत्रात पसरते आणि पुढच्या कॅसेटला लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात दोन आठवडे ठेवा, मग तोंडाला मास्क बांधून, मोकळ्या हवेत, मऊ कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसा. पसरलेली असेल तर जाणकाराकडेच द्या.

फितीखाली एक छोटी गादी असते, पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेली. तिचा डिंक सुकून ती गळून पडते आणि आवाज येतो-जातो. जुन्या, स्क्रूच्या कॅसेट उघडता येतात. चिकटवून बंद केलेली असेल तर कवच जपून फोडून फीत दुसऱ्या स्क्रूच्या कवचात बसवावी लागते. फीत तुटलेली असेल तर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. जोडायची खास पट्टी मिळते, तीच वापरा.

सगळं ठीक दिसलं की षटकोनी पेन्सिल घाला आणि हाताने काही वेढे फिरवून बघा. अडकत नाही ना? मग डेकवर एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली फीत त्याने सैल होते.

डेक आणि त्याची साफसफाई

आजकाल मिळणारे हातात मावणारे स्वस्त कॅसेट-ते-कॉम्प्युटर प्लेअर टाळा. त्यांचा वेग स्थिर नसतो, आणि माझी एक कॅसेट अशाच एका यंत्राने खाल्ली. घरचा जुना, चांगल्या कंपनीचा डेक दुरुस्त करून घेणं केव्हाही बरं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात तो मिळतो. आतले रबरी पट्टे बदलून घ्यावेच लागतील, इतक्या वर्षांत ते वितळून चिकट होतात. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि फीत ओढणारी लोखंडी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला मात्र सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

यापुढची पायरी बहुतेक जण सोडून देतात. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. तो हेडचा तिरपेपणा ठरवतो. ज्या डेकवर रेकॉर्डिंग झालं त्याचा तिरपेपणा वेगळा असतो, म्हणून तुमच्याकडे आवाज दबका येतो. डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐका आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. झांजा एकदम झळाळून येतील ती जागा बरोबर. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा. मिरजेच्या कॅसेटवर पाव वळसाही लागला नाही आणि दबून गेलेली हाय-हॅट (ड्रमवरची झांजांची जोडी) खोलीभर वाजायला लागली. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

कॉम्प्युटरवर घेणं

डेकच्या मागच्या लाइन-आउट या भोकातून वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला देणाऱ्या छोट्या डबीत, द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात देऊ नका. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट आणि निदान ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एक तासाची स्टिरिओ फाइल साधारण १ जीबीची होते, ९६ किलोहर्ट्झला दुप्पट. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकंच वर घ्या. कॅसेटवर डॉल्बी (खरखर कमी करायची पद्धत) असल्याची खूण नसेल तर डॉल्बी बंद ठेवा.

पूर्ण बाजू एका दमात घ्या आणि काही कापू नका. गाण्यांच्या मधली बोलणी, “परत घे रे” अशी हाक, मोजून दिलेली सुरुवात, या जागी नावं सापडतात. खरखर काढणं, आवाज चढवणं, हे सगळं कॉपीवर करा.

वेग तपासायची एक युक्ती आहे. स्टुडिओच्या विजेची हलकी घूं बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची. सॉफ्टवेअरमध्ये ती ५२ हर्ट्झवर दिसली तर फीत सुमारे ४ टक्के जास्त वेगाने धावते आहे. त्या काळात आपल्याकडे विजेचा हर्ट्झ बराच खालीवर व्हायचा, म्हणून एवढ्यावर विसंबू नका, कीबोर्डच्या सुराशी ताडून बघा.

फाइलच्या नावात बँड, गाव, साल, बाजू घाला. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

लोकांपुढे आणताना

गाणी आपली, मग टाकली नेटवर, असं करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार शब्द आणि चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या व चाल लावणाऱ्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याचा, आणि त्याची ६० वर्षं प्रकाशनानंतर मोजतात. म्हणजे जी कॅसेट कधी निघालीच नाही तिचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा स्वतंत्र हक्क ५० वर्षांचा. म्हणून एका कागदावर सगळ्यांची संमती घ्या, गेलेल्यांच्या वारसांचीही. स्टुडिओचे पैसे ज्याने भरले त्याची सही विसरू नका, कायद्याच्या भाषेत बहुधा तोच निर्माता ठरतो. एखाद्या नावाजलेल्या कवीची कविता लावली असेल तर त्यांच्या वारसांना विचारावं लागेल.

कॅसेटवर सिनेमाची गाणीही असणारच, कार्यक्रम मिळायचे ते त्यांच्यावरच. ती घरातल्या कानांसाठी ठेवा. बाहेर आणायची ती बँडची स्वतःची, मग दोनच का असेनात.

फाइल तयार झाली की बँडमधल्या प्रत्येकाला समोर बसवून ऐकवा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. आमच्या कीबोर्डवाल्या काकांनी तिसऱ्या गाण्याच्या मध्येच हात वर केला. “इथे माझ्या कीबोर्डची वायर निघाली होती. बाकीच्यांनी तसंच पुढे वाजवलं, वायर परत लागेपर्यंत सिंथ बंद, फक्त गिटार.” नऊ सेकंद कीबोर्ड नाही, हे मी शंभर वेळा ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मूळ कॅसेट मालकाला परत द्या, डबीत, उभी ठेवायला सांगा, स्पीकरपासून आणि टीव्हीपासून लांब. आतला कागद, त्याचा फोटो काढून झाल्यावर, तिच्यासोबतच जाऊ दे.