दिवाळीच्या आवराआवरीआधी: गॅलरीतली सायकल विकायची की पुन्हा चालती करायची?

आमच्या गॅलरीतल्या माउंटन बाइकच्या हँडलवर ओले टॉवेल वाळतात. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, आणि त्या वाऱ्यात मीही दसऱ्याला ही घेऊन आलो. अंजनेरीला दोनदा गेलो, पांडवलेणीच्या पायथ्याला चार-पाचदा. पुढे टॉवेलच. दिवाळीची झाडझूड सुरू झाली की बायको विचारते, “हिचं काय ठरलं?” यंदा ठरवण्याआधी काय काय बघायचं ते लिहूनच काढलं.

आधी सायकल धुवा. धूळ बसलेली सायकल आहे त्यापेक्षा जास्त म्हातारी दिसते आणि आपण वैतागून मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. बादलीभर पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश आणि चेनसाठी थोडं डिझेल एवढ्यात भागतं. गाडी धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा मात्र नको, चाकाच्या मध्यावरच्या हबमधल्या छर्र्यांचं ग्रीस निघून जातं.

धुऊन झाली की उजेडात फ्रेम बघा. हँडलखालचा जोड, पायडलांच्या मधला भाग आणि सीटची क्लिप, तडे बहुतेक तिथेच जातात. केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर जाणत्याला दाखवल्याशिवाय पुढचा खर्च नको. तडा खराच निघाला आणि फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असली, तर गल्लीतल्या वेल्डिंगच्या भरवशावर राहू नका. डाग दिलेली जागा मऊ पडते, आणि कारखान्यात तिला नंतर भट्टीत घालून जो कणखरपणा देतात तो इथे मिळत नाही. अशी सायकल विकूही नये, सरळ भंगारात द्यावी.

मग सीटचा दांडा बाहेर काढून बघा. माझा निघेचना. रात्री जोडावर तेल सोडलं, सकाळी दोन्ही हातांनी सीट पिळली, तेव्हा कर्रर्र करत सुटला आणि पांढरी भुकटी सांडली. फ्रेमच्या तोंडाशी दांड्यावर गोल व्रण होता, म्हणजे इतकी वर्षं मी त्याच उंचीवर बसत होतो. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. माझा चांगलाच दुमडलेला राहायचा. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडली होती, आणि दुखणं असं चार बोटं खाली राहिलेल्या सीटचं निघालं! तेव्हा विकण्याआधी ती पडून का राहिली हे जरूर शोधा.

चेन मोजायला स्टीलची पट्टी लागते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं की नव्या चेनची तिच्या पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे गेली तर चेन बदला, एक सूत गेली तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चक्रीही गेली समजा. टायरच्या बाजूंना भेगा असतील तर नवे घ्या. माझी चाकं २६ इंची, त्यांना कमी गोट्यांचे, रस्त्याला बरे पडणारे टायर सहज मिळाले.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट आली तर आधी हँडलचे छर्रे कसून घ्या, तरीही राहिली तर शॉकअप ढिला. जुन्या सायकलीला नवा शॉकअप घालणं मला तरी हौस वाटते. गंगापूर रोडवर त्याचं कामच काय?

अंदाज दोन मिस्त्रींकडून घ्या, सामान आणि मजुरी वेगळी लिहून. एकाने माझी सायकल उचलूनही न बघता “सगळंच बदलावं लागेल” म्हटलं. दुसऱ्याने चाक फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, “ओव्हरऑइल करा, मागच्या चाकाचा आउट काढा, बास.” म्हणजे सगळं खोलून, साफ करून ग्रीस भरायचं आणि डुगडुगणारं चाक सरळ करायचं. माझा हिशोब असा: खर्च आजच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर विकावी. पण तेवढा खर्च करून मग विकायला काढू नये, तो वसूल होत नाही.

विकायचीच तर बिल शोधा आणि पायडलांच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर उतरवून ठेवा. चक्कर मारायला देताना समोरच्याच्या गाडीची चावी आपल्या खिशात असू द्या.

मन डळमळत असेल तर फक्त ट्यूब, ब्रेकचे रबर आणि तेल एवढं करून चार रविवार वापरून बघा. माझे दोन झाले. पहिल्याला सोमेश्वर, दुसऱ्याला गंगापूर धरण. टॉवेलांसाठी गॅलरीत दोरी बांधली आहे.