वर्ष भुर्रकन उडतंय? थोडं लांबवता येतं, असं करून बघा

"आत्ता तर गणपती झाले, परत आले पण?" हे आई दरवर्षी म्हणायची, यंदा माझ्याच तोंडून निघालं आणि धस्स झालं. लहानपणी मे महिन्याची सुट्टी संपता संपायची नाही.

१८७७ मध्ये पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने हिशोब मांडला होता, १० वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, पन्नाशीतल्या माणसाला पन्नासावा. वयाला आपण काय करणार! पण १८९० मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलं की रोज तेच तेच झालं की दिवस आठवणीत उरतच नाहीत आणि मागे बघताना वर्ष पोकळ वाटतं, हे मला जास्त पटतं, कारण यावर इलाज आहे.

आधी मागच्या मंगळवारी काय केलं ते लिहून काढा. माझं निघालं ट्रान्स हार्बरची लोकल (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी), ऑफिस, डबा, परत ट्रान्स हार्बर. बस, संपलं.

मग एक वही घ्या, रोज रात्री एकच ओळ, पण फक्त त्याच दिवशी घडलेली. "कामावर गेले" चालणार नाही. "ठाण्यात तलावपाळीला एक आजोबा चालता चालता थांबले, चप्पल काढून कोपिनेश्वराच्या देवळाच्या दिशेने हात जोडले आणि परत चालू लागले" हे चालेल. पहिले आठ दिवस काहीच सुचत नाही, सोडू नका, नंतर डोळे आपोआप शोधायला लागतात.

आठवड्यातून एकदा काहीतरी नवीन करा, खर्चिक नको. मी चार वर्षं ऐरोलीत कामाला, पण खाडीतले फ्लेमिंगो कधी बघितले नव्हते, शेवटी एका रविवारी भाचीला घेऊन गेले, भरतीची वेळ बघून बोट सोडतात म्हणून आधी चौकशी केली, आणि तो एक रविवार मला अख्ख्या मार्च महिन्यापेक्षा मोठा वाटतो.

एक लक्षात ठेवा, तिथे असताना वेळ पटकनच जाणार. रांगेत उभं राहिलं की वेळ सरत नाही पण नंतर आठवतही नाही, नवीन जागी बरोब्बर उलटं होतं. मोबाईलवर रील्स बघण्यात गेलेली संध्याकाळ मात्र तेव्हाही भुर्रकन जाते आणि नंतरही हाताला काही लागत नाही, म्हणून जेवल्यावर तरी तो लांब ठेवा.

फरक पडला का ते महिनाअखेरीला सगळ्या ओळी सलग वाचून बघा. मी आईलाही वही आणून दिलीय. तिची कालची ओळ, "जांभळी नाक्यावर मटार स्वस्त झाला, दोन किलो आणला, दोघींनी बसून सोलला."