द सिम्स ३ मध्ये घराणं वसवायचंय? गाव निवडताना या चुका टाळा

द सिम्स या संगणकावरच्या खेळात आपण माणसांची कुटुंबं चालवतो, आणि ‘घराणं’ म्हणजे एकाच कुटुंबाच्या अनेक पिढ्या खेळणं. सिम्स ४ मध्ये कुटुंबाला एका वस्तीतून दुसरीकडे हलवलं तरी मागे राहिलेल्या काका-मावश्यांशी नाती टिकतात. सिम्स ३ मध्ये एका सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) राहायला एकच गाव, आणि ते गाव सतत जिवंत असतं: तुम्ही स्वयंपाकघरात असता तेव्हा शेजारी कामावर जातात, लग्नं करतात, मरतात. फोनवरून दुसऱ्या गावी राहायला जाता येतं, पण सोबत येतात ती फक्त घरातली माणसं. वेगळ्या घरात राहणारी बहीण मागे पडते, आणि वंशावळीतला तिच्याशी असलेला धागाही तुटतो. म्हणून दहा पिढ्यांचा खेळ मांडणाऱ्याने गाव निवडायला एक संध्याकाळ जरूर द्यावी.

देखणं म्हणून गाव घेणं

इस्ला पॅराडिसो आणि ब्रिजपोर्ट ही दोन गावं जाहिरातीच्या चित्रांत सगळ्यात सुंदर दिसतात. घराण्याच्या लांब खेळात सगळ्यात जास्त त्रासही तीच देतात.

इस्ला पॅराडिसो बेटांवर पसरलेलं आहे. खेळातल्या माणसाला जायचा रस्ता सापडला नाही की खेळ तो पुन्हापुन्हा शोधत राहतो. हाउसबोटी, धक्के, बेटांमधला पाण्याचा प्रवास या सगळ्यांत माणसं अडकतात, आणि अडकलेल्या प्रत्येकामागे संगणकाचा वेळ खर्च होतो. पहिल्या आठवड्यात हे जाणवत नाही. दुसऱ्या पिढीपर्यंत खेळ दर काही सेकंदांनी थबकू लागतो. ब्रिजपोर्टमध्ये हीच गोष्ट लिफ्ट आणि सबवेपाशी होते. शिवाय तिथे उंच इमारती जास्त आणि मुलाबाळांची घरं कमी. अपार्टमेंटला खोल्या वाढवून मोठं करता येत नाही, त्यामुळे घराणं वाढलं की घर बदलावंच लागतं.

विंडोजवर हा खेळ ३२-बिट आहे. संगणकात १६ जीबी रॅम असली तरी खेळ साधारण ४ जीबीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. गाव जितकं जड, तितकी ही मर्यादा लवकर गाठली जाते आणि मग सेव्ह करताना ‘एरर १२’ येते. मॅकवर २०२० मध्ये ६४-बिट आवृत्ती आली, तिथे हा धोका बराच कमी आहे.

पहिल्या घराण्यासाठी सनसेट व्हॅली किंवा रिव्हरव्ह्यू घ्या. सनसेट व्हॅली मूळ खेळातच येते. रिव्हरव्ह्यू खेळाची नोंदणी केली की अधिकृत स्टोअरवरून मोफत मिळतं. मोकळ्या जमिनी आणि घोडे हवे असतील तर पेट्स या विस्ताराचं (खेळाच्या वेगळ्या मिळणाऱ्या जोडभागाचं) ॲपलूसा प्लेन्स चांगलं आहे, फक्त तिथली अंतरं लांब आहेत. वर्ल्ड ॲडव्हेंचर्स या विस्तारातली चीन, इजिप्त आणि फ्रान्स ही सहलीची ठिकाणं आहेत. मॉडशिवाय (चाहत्यांनी बनवलेल्या जोडणीशिवाय) तिथे कायमचं बस्तान बसवता येत नाही.

गाव न तपासता थेट मूळपुरुष उतरवणं

आधी एक खोटा सेव्ह करा. कोणतंही तयार कुटुंब निवडा, गती सगळ्यात वेगवान ठेवा आणि खेळातले दोन आठवडे जाऊ द्या. मग नकाशाच्या दृश्यात या. एकाच जागी माणसांचे किंवा रिकाम्या गाड्यांचे पुंजके दिसतात का? घड्याळ थांबून पुन्हा पळतं का? गाव इतक्यात अडखळत असेल, तर शंभराव्या दिवशी ते खेळण्याजोगं राहणार नाही. हा सेव्ह पुसून टाका आणि घराण्यासाठी गाव नव्याने उघडा.

वारसाला जोडीदार कुठून मिळणार, हे न पाहणं

घराण्याचे बरेच सेव्ह याच कारणाने सोडून दिले जातात.

नॉर्मल आयुर्मानात माणूस सुमारे ९० दिवस जगतो. बाळ २ दिवस, रांगतं मूल ७, बालपण ७, किशोरवय १४. म्हणजे जन्मापासून तरुण होईपर्यंत ३० दिवस. तुमच्या मूळपुरुषाचं पहिलं मूल दहाव्या दिवशी जन्मलं, तर वारस तरुण होईल चाळिसाव्या दिवशी. सनसेट व्हॅलीत सुरुवातीला मॉर्टिमर गॉथ आणि बेला बॅचलर लहान मुलं असतात आणि आपल्या मुलाचं लग्न बेलाशी लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण चाळिसाव्या दिवशी ती तारुण्याच्या अखेरीला किंवा त्याही पलीकडे पोचलेली असते. तुमच्या वारसाच्या वयाची मुलं सुरुवातीला गावात नसतातच. ती खेळ सुरू झाल्यावर जन्मावी लागतात.

खेळाचं स्वतःचं स्टोरी प्रोग्रेशन, म्हणजे शेजाऱ्यांचं आयुष्य आपोआप पुढे नेणारी सोय, यात भरवशाचं नाही. ते चांगली नांदती कुटुंबं अचानक गावाबाहेर पाठवतं आणि जन्माचं प्रमाण कधी खूप, कधी शून्य. तिसऱ्या-चौथ्या पिढीत गाव म्हाताऱ्यांचं होतं. जी तरुण मंडळी उरतात, त्यातली बरीच तुमच्याच घराण्याची, आणि जवळच्या नात्यात प्रेमाचे पर्याय दिसतच नाहीत.

यावर दोन उपाय. पहिला, एनरास या मॉडसंचातला स्टोरी प्रोग्रेशन हा मॉड. त्यात गाव सोडून जाणं थांबवता येतं आणि रहिवाशांची कमाल संख्या ठरवता येते. तो वापरताना खेळाचं मूळ स्टोरी प्रोग्रेशन बंद ठेवा. दुसरा, मॉड नको असेल तर दर पिढीला, वारस जन्मला की, एडिट टाउनमध्ये (गावात बदल करायच्या दृश्यात) जाऊन गावातली रांगती आणि लहान मुलं मोजा. सहापेक्षा कमी असतील तर मुलं असलेली दोन-तीन नवी कुटुंबं वसवा. त्यासाठी रिकामी घरं लागतात, म्हणून गाव निवडतानाच सात-आठ घरं मोकळी आहेत ना ते पाहा. घरोघरी आठ-आठ माणसं भरणं हेही चुकीचंच. गर्दी वाढली की पुन्हा रॅमची मर्यादा आड येते.

कामाच्या इमारती न मोजणं

विस्तार घेतले तरी जुन्या गावात त्यांच्या इमारती असतीलच असं नाही. ॲम्बिशन्सचं अग्निशमन केंद्र आणि जुन्या वस्तू विकायचं कन्साइनमेंट दुकान, लेट नाइटचे बार, पेट्सचं अश्वारोहण केंद्र, सीझन्सचं उत्सवाचं मैदान, सुपरनॅचरलचं काढ्यांचं दुकान यांची यादी करा आणि नकाशावर एकेक शोधा. नसेल तर एडिट टाउनमध्ये रिकाम्या लॉटवर (भूखंडावर) उभारा. हे सगळं मूळपुरुष उतरवण्याआधी करावं. नाहीतर पाचव्या पिढीत घोडेस्वार वारस तयार होतो आणि स्पर्धेला जायला जागाच नसते.

गावाच्या टोकाला मोठ्यात मोठा लॉट

६४×६४ चौकटींचा हा सगळ्यात मोठा लॉट, आणि घराण्याच्या प्रचलित नियमांत तो घ्यायची रीत आहे. पण तो सामानाने भरला की खेळ जड होतो. घरात जास्तीत जास्त आठ माणसं राहतात. त्यांना ४०×४० पुरतो, कारण वर पाच मजले आणि खाली चार तळघरं बांधता येतात. जमीन सपाट हवी. शाळा आणि नोकऱ्या जवळ हव्यात, कारण लांबच्या प्रवासात रोजचे तास जातात.

प्रवास आणि विद्यापीठ

सहलीला किंवा विद्यापीठात गावाबाहेर गेलेला वारस परतल्यावर कधीकधी वंशावळीतली किंवा ओळखीपाळखीची नाती हरवलेली सापडतात. एनरास ट्रॅव्हलर हा मॉड हे टाळतो. तो नसेल तर निघण्याआधी वेगळ्या नावाने सेव्ह करा.

गाव आधीच बिघडलं असेल तर

आधी ‘सेव्ह ॲज’ने नवी प्रत करा, एकाच फाइलवर पुन्हापुन्हा सेव्ह करत राहू नका. खेळ बंद करून डॉक्युमेंट्समधल्या द सिम्स ३ च्या फोल्डरमधून नावात ‘कॅश’ असलेल्या पाच पॅकेज फाइली काढून टाका: कासपार्ट, कंपोझिटर, स्क्रिप्ट, सिम कंपोझिटर आणि सोशल. खेळ त्या पुन्हा तयार करतो, सेव्हला धक्का लागत नाही.

मग एनरासचे ओव्हरवॉच आणि चुका पकडणारा एररट्रॅप हे मॉड बसवा. ओव्हरवॉच खेळातल्या रोज पहाटे तीन वाजता अडकलेल्या माणसांना सोडवतो आणि बेवारस गाड्या उचलतो. मॉड आपल्या आवृत्तीशी जुळतो का ते आधी पाहा: स्टीम आणि डिस्कवर १.६७, ईए ॲपवर १.६९.

एवढं करूनही गाव चालत नसेल, तर फोनवरून गाव सोडू नका. एनरास पोर्टर वापरा. त्यात घराण्याच्या सगळ्या शाखा, म्हणजे वारसाचं घर, भावंडांची आणि चुलत्यांची घरं, एकत्र बांधून नव्या गावात उतरवता येतात. गठ्ठ्यात असलेल्यांची आपसातली नाती टिकतात, बाहेर राहिलेल्यांची जातात. म्हणून बांधण्याआधी वंशावळ उघडा आणि जिवंत नातेवाइकांची घरं कागदावर लिहून घ्या.