ठासणीच्या बंदुकीचे ब्रीच कसे ओळखावे

ठासणीच्या बंदुकीची पिछाडी, म्हणजे ब्रीच (नळीचे मागचे बंद टोक), पाहताना दोन गोष्टींची गल्लत होते. ठिणगी दारूपर्यंत कोणत्या वाटेने जाते, हा एक प्रश्न. नळी दस्त्याला कशी धरली आहे, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळी शोधा.

त्याआधी बंदूक रिकामी आहे ना, ते बघा. दारू ठासायचा गज नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करा, मग तो नळीच्या बाहेरून त्याच मापाने धरा. टोक कानापाशी, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या भोकापाशी, यायला हवे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबले तर आत जुना बार आहे असे समजा आणि कारागिराकडे न्या. मात्र अरुंद कोठीच्या ब्रीचमध्ये (त्याची माहिती पुढे आहे) रिकाम्या नळीतही गज थोडा अलीकडे थांबतो.

सर्वात साधा प्रकार म्हणजे नळीच्या मागे आट्यांनी बसवलेले सपाट तोंडाचे बूच. चकमकीच्या बंदुकीत कान या बुचाच्या तोंडाच्या जरा पुढे असतो, भोक साधारण १.६ मिमी. कान मागे सरकलेला असेल तर बुचाला खाच पाडलेली दिसते. तीत काजळी साचते. साफसफाईसाठी बूच कधीही उघडू नये. परत बसवताना ते नळीच्या आतल्या खांद्यावर (कडेवर) घट्ट टेकले नाही, तर फटीत काजळी व ओल शिरून आटे गंजतात.

लंडनच्या हेन्री नॉकने १७८७ मध्ये पेटंट घेतलेल्या ब्रीचमध्ये बुचातच एक लहान कोठी असते. रंजकाची (कानाबाहेर ठेवलेल्या पेटवणाच्या दारूची) आग आधी या कोठीतली दारू पेटवते आणि तो झोत मुख्य दारूत घुसतो. बार लवकर उडतो, पण साफ करायला हा प्रकार त्रासदायक. नळीच्या मापाची चिंधी कोठीत पोचतच नाही. बारीक ब्रशला चिंधी गुंडाळून आत फिरवा. तेल राहिले तर बार उशिरा होतो किंवा होतच नाही, म्हणून भरण्यापूर्वी कोठी कोरडी करा. दारू फार कमी घातली तर गोळी कोठीच्या कडेवर अडते आणि खाली पोकळी राहते. हे धोक्याचे.

चकमकीच्या बंदुकीला टोपीची करताना बहुधा कान मोठा करून त्यात आट्यांचा ड्रम (छोटे पोकळ नळकांडे) बसवत आणि ड्रमवर निपल, म्हणजे ठिणगीची टोपी चढवायची बोंडी. ड्रम खालून चापाच्या पट्टीच्या खाचेत टेकलेला हवा. नाहीतर घोड्याचे घाव एकट्या आट्यांवर येतात, ते ढिले होतात आणि ड्रम बाजूला उडू शकतो. हलणारा ड्रम नुसता आवळून भागत नाही. १८५३ च्या एन्फिल्डवर, म्हणजे १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याकडे परिचित झालेल्या बंदुकीवर, निपलचा उंचवटा नळीचाच भाग आहे. त्यामुळे तो जास्त भक्कम.

आता दुसरा प्रश्न. ब्रीचच्या मागे नळी आणि दस्त्यावर बसवलेली मागची पट्टी यांच्यामध्ये आडवी सरळ रेघ दिसली तर आकड्याचे ब्रीच आहे, म्हणजे नळी त्या पट्टीत आकड्याने अडकवलेली आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हॉकेन रायफलींवर ते सर्रास असे. नळीला दस्त्यात धरणारी पाचर काढून नळीचे तोंड वर उचलले की नळी सुटते. ब्रीच कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून चिंधी वरखाली करता येते. आकडा दस्त्यात खडखडत असेल तर नेम सांभाळणे कठीण. रेघ नसेल तर पट्टी बुचाचीच असते. मग नळी काढू नका, कानात काडी खुपसून वरून पाणी ओता.