खुराडं रंगवायचंय? आधी कोंबड्यांची सोय करा

ब्रश, काचपेपर, चिंध्या, रंग ढवळायला काठी, हे मी सांगत बसत नाही. घरात असतंच, नसलं तर शेजारी असतं. रंगाचा डबा आणायच्या आधी एकच ठरवा: कोंबड्या आठ-दहा रात्री कुठे झोपणार?

गेल्या एप्रिलात मी ते ठरवलं नव्हतं. खिडक्यांचा उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तो खुराड्याला आतून-बाहेरून झकास फासला आणि दिवेलागणीला अकरा कोंबड्या रोजच्यासारख्या दारात येऊन उभ्या. आईने पाच डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या उपड्या टोपलीखाली, डालल्या. डालगं एकच. उरलेल्या सहा मी आत ढकलल्या, कारण बोट लावून बघितलं तर रंग सुकला होता. सकाळी फळीवर नखांची नक्षी, दोघींच्या चोचीला हिरवी साल चिकटलेली आणि अंड्यावर आलेली एक तलंग कोपऱ्यात चोच उघडी टाकून धापा टाकतेय. दुपारपर्यंत गेली. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तर, बोटाला सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. ऑइलपेंट सात-आठ तासांत हाताला सुकतो, पण आतून कडक व्हायला आठवडा सहज खातो. पाण्यातला ॲक्रिलिक लवकर सुकल्यासारखा दिसतो, तोही बरेच दिवस मऊच. कोंबडीला फुप्फुसांशिवाय अंगभर हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे आपल्याला जो नुसता वास वाटतो तो तिला बाधतो. म्हणून पुन्हा: जागा आधी. पडवीचा कोपरा जाळी लावून बंद करा किंवा तीन-चार डालगी मागून आणा. वर दगड ठेवा, नाहीतर मुंगूस आणि रानमांजर टपलेलेच असतात. आणि संध्याकाळी त्यांच्या मागे धावू नका, त्या जुन्याच जागी जाणार. अंधार पडला की गप बसतात, तेव्हा एकेक उचलायची.

आता रंग. नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) वर चालत नाही, पण माळ्यावरचा जुना डबा त्याआधीचा असेल तर? कोंबडी जे दिसेल ते टोचते. शिसं तिच्या पोटात गेलं की अंड्याच्या बलकात उतरतं, म्हणजे तुमच्याच ताटात. जुना डबा नको, लेबल नसलेला सुटा रंग तर नकोच. खुराड्यावर आधीचा जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि साली गोळा करा, अंगणात सांडू देऊ नका. बाहेरून पाण्यातला ॲक्रिलिक घ्या, फिका. गडद रंगाने एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते.

हाच बाहेरचा रंग उरला म्हणून आत मारू नका. पावसात टिकावा म्हणून त्यात बुरशीनाशक घातलेलं असतं. आतून चुना. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवून थंड होऊ द्या, मग फटीफटीत ब्रश घाला. रक्त पिणारे बारीक किडे दिवसा त्या फटींतच लपतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. चुना झडतो, वर्षातून दोनदा द्यावा लागतो, मग द्यायचा. बसायच्या दांडीला काहीही लावायचं नाही. ना रंग, ना चुना.

वाळवीसाठी गॅरेजमधलं काळं ऑइल फासायची पद्धत आहे. कुंपणाच्या खांबाला फासायचं तर फासा, खुराड्याला नको, डांबरही नको. काजूच्या टरफलाचं तेल आमच्याकडे होड्यांना आणि वाशांना लावतात, लाकूड टिकतं हे खरं, पण त्याने हाताची कातडी सोलवटते. तुमची सोलवटते तर कोंबडीच्या पायाचं काय? पॅकिंगच्या फळ्यांचं खुराडं करत असाल तर फळीवरचा शिक्का वाचा: एचटी म्हणजे नुसती तापवलेली, चालेल, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती सोडा.

लाकूड खणखणीत वाळलेलं हवं. आमच्या कोकणात फेब्रुवारी-मार्च. मेच्या शेवटी आभाळ भरून आल्यावर घाई केलीत तर रंगाखाली ओल कोंडते आणि श्रावणात फोड येतात. आणि कोंबड्या? त्यांच्या दहा रात्रीही फेब्रुवारी-मार्चमध्येच धरायच्या, पावसात डालग्यात भिजवायच्या नाहीत.

फळ्यांची कापलेली टोकं आणि पायांचे तळ विसरू नका, पाणी तिथूनच वर चढतं. तिथे प्रायमर तीन वेळा, पिईल तेवढा. पायांखाली जांभ्याचे तुकडे. भिंतीला लावायची लांबी (पुट्टी) लाकडाच्या फटीत भरू नका, पहिल्या पावसात सुटते, लाकडाची पट्टी ठोका.

बाकी नेहमीचंच. घासा, पुसा, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मधे डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ. भर उन्हात नको. दारं उघडी ठेवा. सांडलेले थेंब खरवडून काढा, भुसा बदला.

दहाव्या दिवशी दार अर्धा तास लावून ठेवा, मग उघडून आत डोकं घाला. वास आला तर कोंबड्या अजून पडवीतच.